न वाटता येणारी रास

मुलांनो, ताटात बारा पेढे आहेत अशी कल्पना करा. ते दोघांत, तिघांत, चौघांत किंवा सहाजणांत सारखे वाटता येतात. कोणाची तक्रार राहत नाही. आता त्याच ताटात आणखी एक पेढा ठेवा. पेढे तेरा झाले आणि वाटणी अडली. एक तर सगळे पेढे एकट्याने घ्यावेत, नाहीतर तेराजणांनी एकेक घ्यावा; तिसरा मार्ग नाही. एकाहून मोठ्या ज्या संख्येला १ आणि ती स्वतः यांवाचून दुसऱ्या कोणत्याही संख्येने निःशेष भाग जात नाही, तिला मूळ संख्या म्हणतात. २, ३, ५, ७, ११, १३ या मूळ संख्या होत. ज्या संख्येची सारखी वाटणी होऊ शकते, ती संयुक्त संख्या.

मूळ संख्या या गणिताच्या घराचे चिरे आहेत. बारा म्हणजे २ × २ × ३. शंभर म्हणजे २ × २ × ५ × ५. कोणतीही संयुक्त संख्या फोडीत गेलो, तर शेवटी हाती मूळ संख्याच लागतात. त्या किती आहेत? सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी युक्लिड या ग्रीक गणितज्ञाने सिद्ध केले की, त्यांना अंत नाही. परंतु त्या अनंत आहेत हे कळणे वेगळे आणि एखादी प्रचंड संख्या समोर ठेवून 'ही मूळ आहे' असे खात्रीने सांगणे वेगळे. आकाशात तारे असंख्य आहेत हे कोणीही सांगेल. त्यांतल्या एका अंधुक ताऱ्याचे अंतर मोजून सांगणारा विरळा! अशाच एका संख्येची कथा या पाठात आपल्याला पाहायची आहे.

बुद्धिबळाच्या पटाची जुनी गोष्ट तुम्ही ऐकली असेल. हा खेळ रचणाऱ्या बुद्धिमान माणसाला राजाने हवे ते मागण्यास सांगितले. त्याने मागितले ते धान्य. पटाच्या पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, चौथ्यात आठ, याप्रमाणे प्रत्येक घरात मागच्या घराच्या दुप्पट. राजाला ही मागणी क्षुल्लक वाटली. पण कोठारे रिती झाली, तरी चौसष्ट घरे भरेनात. या कथेतील लोभाचा किंवा चातुर्याचा विचार आज आपण करणार नाही. आपण फक्त दाणे मोजणार आहोत.

पहिल्या दोन घरांत मिळून ३ दाणे होतात, तीन घरांत ७, चार घरांत १५, पाच घरांत ३१ आणि सहा घरांत ६३. प्रत्येक वेळी रास ही पुढच्या घरात येणाऱ्या दाण्यांहून एकाने कमी असते. सहाव्या घरापर्यंत ६३. सातव्या घरात ६४. या रीतीने एकतीस घरे भरली म्हणजे जी रास होते ती अशी : २,१४,७४,८३,६४७. म्हणजे दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस दाणे! गव्हाच्या हजार दाण्यांचे वजन चाळीस ग्रॅम धरले आणि एका पोत्यात शंभर किलो गहू भरला, तर साडेआठशेहून अधिक पोती लागतील. पट मात्र अजून अर्धाही भरलेला नाही.

आता प्रश्न असा, की ही पहिल्या एकतीस घरांची रास काही माणसांना सारखी वाटता येईल काय? येत असेल, तर किती माणसांना?

एवढ्या मोठ्या राशीला एकदम हात घालण्यापूर्वी लहान राशी पाहू. सहा घरांची रास घ्या. त्या सहा घरांचे तीनतीन घरांचे दोन गट करा. पहिल्या गटात १, २, ४ मिळून ७ दाणे आहेत. दुसऱ्या गटात ८, १६, ३२ आहेत. म्हणजे पहिल्या गटातील प्रत्येक घराच्या आठपट. म्हणून तेथे ७ च्या आठपट दाणे झाले. सगळे मिळून ७ च्या नऊपट, म्हणजे ६३. रास सातजणांत बरोबर वाटली गेली. यावरून एक मोठी गोष्ट कळते. घरांची संख्याच जर सारख्या गटांत वाटता येत असेल, तर दाण्यांची रासही वाटता येते. तेव्हा रास न वाटता येणारी हवी असेल, तर निदान घरांची संख्या मूळ असली पाहिजे.

मग घरांची संख्या मूळ असली, म्हणजे रासही मूळ असतेच काय? पडताळून पाहा. दोन घरांची रास ३, तीन घरांची ७, पाच घरांची ३१, सात घरांची १२७. चारही मूळ! नियम सापडला, असे म्हणून कोणीही हर्षाने उठेल. पण जरा थांबा. अकरा घरांची रास २,०४७ आहे आणि २,०४७ म्हणजे २३ × ८९. चार वेळा खरा ठरलेला नियम पाचव्या वेळी मोडला. तेरा घरांची रास ८,१९१ ही पुन्हा मूळ आहे. गणितात पुष्कळ उदाहरणे जुळली म्हणून विधान सिद्ध होत नाही, ही गोष्ट येथे मनात नीट ठसवून घ्या.

या भुलवणीत मोठमोठे विद्वानही सापडले. इटलीतील पिएत्रो कातालदी या गणितज्ञाने सतरा घरांची रास १,३१,०७१ आणि एकोणीस घरांची रास ५,२४,२८७ या दोन्ही मूळ आहेत, हे एकेक भाजक लावून दाखविले. त्याच्या काळी हे काम मोठ्या चिकाटीचे होते. त्याचा ग्रंथ १६०३ साली प्रसिद्ध झाला. परंतु तो तेथे थांबला नाही. तेवीस, एकोणतीस, एकतीस आणि सदतीस घरांच्या राशीही मूळ आहेत, असे त्याने सांगून टाकले. १६४० साली फ्रान्समधील फर्मा याने दाखविले की, तेवीस घरांच्या राशीला, म्हणजे ८३,८८,६०७ ला, ४७ ने भाग जातो आणि सदतीस घरांच्या राशीला २२३ ने भाग जातो. पुढे एकोणतीस घरांची रासही संयुक्त निघाली. ती २३३ × १,१०३ × २,०८९ आहे. अशा रीतीने कातालदीच्या चार विधानांपैकी तीन कोसळली. उरली ती एकतीस घरांची रास.

दरम्यान १६४४ साली पॅरिसमधील मेर्सेन या मठवासी विद्वानाने कोणत्या घरांच्या राशी मूळ आहेत, याची एक यादी प्रसिद्ध केली. तीत एकतीस होते; सदुसष्ट आणि एकशे सत्तावीसही होते. युरोपातील अनेक पंडित मेर्सेनशी पत्रव्यवहार करीत. त्याचा मान एवढा होता की, अशा राशींपैकी मूळ संख्यांना आजही 'मेर्सेन मूळ संख्या' म्हणूनच ओळखतात. पण मान ही सिद्धता नव्हे. एकतीस घरांची रास मूळ आहे असे दोन विद्वानांनी सांगितले होते. ते का, हे कोणीच दाखविले नव्हते.

दाखविणे एवढे अवघड का होते? एखादी संख्या मूळ आहे की नाही हे ठरविण्यासाठी तिच्या वर्गमुळापर्यंतचेच भाजक लावून पाहावे लागतात. कारण कोणत्याही संख्येचे दोन अवयव पाडले, तर ते दोन्ही वर्गमुळाहून मोठे असू शकत नाहीत. २,०४७ चे वर्गमूळ पंचेचाळिसाहून थोडे अधिक आहे. तिचा एक अवयव २३ त्याच्या अलीकडे आहे आणि दुसरा ८९ पलीकडे. आपल्या मोठ्या राशीचे वर्गमूळ ४६,३४१ च्या किंचित आत येते. तेथपर्यंत सुमारे ४,८०० मूळ संख्या आहेत. म्हणजे दहा अंकी संख्येचे सुमारे ४,८०० भागाकार! शिवाय एकही चूक होता कामा नये. कारण एक भागाकार चुकला, तर सारा निष्कर्षच व्यर्थ.

हे काम ज्याने तडीस नेले, त्याचे नाव लेओनार्ड ऑयलर. त्याचा जन्म १७०७ साली स्वित्झर्लंडमधील बाझल या नगरात झाला. रशियातील सेंट पीटर्सबर्ग आणि जर्मनीतील बर्लिन येथील विद्वत्सभांत त्याचे आयुष्य गेले. तरुणपणीच त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. १७६६ साली तो पीटर्सबर्गला परतला आणि थोड्याच दिवसांत डाव्या डोळ्यालाही मोतीबिंदूने ग्रासले. १७७१ साली त्या नगरात आगीचा मोठा वणवा पेटला, त्यात त्याचे घर भस्मसात झाले. असा मनुष्य खचून गेला असता, तर त्याला कोणी दोष दिला नसता. पण ऑयलरची स्मरणशक्ती विलक्षण होती. लांबलचक आकडेमोड तो मनातल्या मनात करी आणि मुलाकडून व सहकाऱ्यांकडून लिहवून घेई. त्याच्या लेखनाचा फार मोठा भाग या अंधारलेल्या वर्षांतच सिद्ध झाला. मनःचक्षू म्हणतात ते हेच!

ऑयलरने ४,८०० भागाकारांच्या रानात शिरण्याऐवजी आधी रानाची वाट शोधली. एकतीस घरांच्या राशीला एखादा मूळ अवयव असलाच, तर तो कसा असेल, हा प्रश्न त्याने विचारला. फर्माने दाखविलेल्या मार्गाने पुढे जाता एक खूण मिळत होती : घरांची संख्या दोनाहून मोठी मूळ संख्या असेल, तर तिच्या दुपटीने राशीच्या मूळ अवयवाला भागले असता बाकी १ उरलीच पाहिजे. अकरा घरांच्या राशीत पाहा. अकराची दुप्पट २२. तेवीस म्हणजे २२ अधिक १ आणि ८९ म्हणजे चार वेळा २२ अधिक १. तेवीस घरांची दुप्पट ४६ आणि तिचा अवयव ४७! दुसरी खूण अशी की, त्याच अवयवाला ८ ने भागले असता बाकी १ किंवा ७ च राहते. या दोन्ही नियमांची सिद्धता उच्च गणितात मिळते. केवळ उदाहरणे जुळतात म्हणून ते मानलेले नाहीत.

आता या दोन खुणा एकतीस घरांना लावा. एकतिसाची दुप्पट ६२. अवयवाला ६२ ने भागून बाकी १ उरावी आणि ८ ने भागून बाकी १ किंवा ७ उरावी. या दोन्ही अटी पाळणाऱ्या संख्यांना २४८ ने भागले, तर बाकी १ किंवा ६३ उरते. वर्गमुळापर्यंत अशा संख्या पावणेचारशेच्या आतच आहेत. त्यांतही पुष्कळ संयुक्त असल्यामुळे आपोआप गळतात. ६३ ला ३ ने भाग जातो, २४९ लाही जातो. पहिला खरा उमेदवार ३११ हा होय. जेथे हजारो दारे ठोठवावी लागणार होती, तेथे आता मोजकीच उरली. ती सारी पडताळून झाली. एकाही दारातून उत्तर आले नाही. एकाही भाजकाने त्या राशीला भाग गेला नाही. १७७२ साली ऑयलरने एका पत्राद्वारे विद्वानांना कळविले की, २,१४,७४,८३,६४७ ही संख्या मूळ आहे. ही रास वाटायची, तर सगळी एकाला द्यावी, नाहीतर जितके दाणे तितकी माणसे बोलवावीत!

येथे क्षणभर थांबून विचार करा. 'ही संख्या मूळ आहे' हे कातालदीचे शब्द आणि ऑयलरचे शब्द एकच आहेत. दोन्ही खरेही आहेत. मग भेद कोठे आहे? कातालदीचे विधान ऐकणाऱ्याने त्याच्यावर विश्वास ठेवायचा होता. ऑयलरचे विधान ऐकणाऱ्याला विश्वासाची गरज नव्हती. तो कागद-लेखणी घेऊन स्वतः पडताळू शकत होता. खरे बोलणे आणि खरे असल्याचे दाखविणे यांत जे अंतर आहे, त्याचे नाव सिद्धता.

हे अंतर किती महत्त्वाचे असते, ते मेर्सेनच्या यादीनेच पुढे दाखविले. पट कल्पनेने वाढवून त्याला १२७ घरे दिली, तर होणारी एकोणचाळीस अंकी रास मूळ आहे, हे फ्रान्समधील एदुआर्द ल्युका याने १८७६ साली सिद्ध केले. मेर्सेनचे म्हणणे येथे बरोबर ठरले. परंतु त्याच वर्षी ल्युकाच्या कसोटीवर सदुसष्ट घरांची रास संयुक्त ठरली. तिचे अवयव कोणते, हे मात्र त्या कसोटीने कळत नव्हते. १९०३ साली अमेरिकेतील फ्रँक कोल याने ते शोधून काढले : १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. यांचा गुणाकार करून पाहण्यास तुम्हांला एक दुपार पुरेल. तो फोडण्यास जगाला अडीचशे वर्षांहून अधिक काळ लागला.

या राशींचा आणखी एक सुंदर गुण आहे. दोन घरांची रास ३; तिला शेवटच्या घरातील २ दाण्यांनी गुणले की ६ येतात. सहाचे तिच्याहून लहान भाजक १, २, ३. त्यांची बेरीज पुन्हा ६! तीन घरांची रास ७, शेवटच्या घरात ४, गुणाकार २८. अठ्ठावीसचे भाजक १, २, ४, ७, १४. त्यांची बेरीज २८. अशा संख्यांना परिपूर्ण संख्या म्हणतात. रास मूळ असली म्हणजे या रीतीने परिपूर्ण संख्या मिळतेच, हे युक्लिडने सिद्ध केले होते. ऑयलरच्या राशीपासून एकोणीस अंकी परिपूर्ण संख्या मिळाली. तिच्याविषयी पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने १८११ साली असे मत दिले की, याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडणार नाही. कारण या संख्या केवळ कुतूहलाच्या आहेत, उपयोगाच्या नाहीत, आणि म्हणून कोणी शोधण्याचे कष्टच घेणार नाही.

बार्लोचे भाकीत खोटे ठरले. ल्युकाच्या १२७ घरांच्या राशीपासूनच याहून कितीतरी मोठी परिपूर्ण संख्या मिळाली. शिवाय मूळ संख्यांचा उपयोगही निघाला. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे, पण गुणाकारावरून त्या संख्या शोधणे अतिशय कठीण, हे कोलच्या उदाहरणात आपण पाहिलेच. याच अडचणीचे कुलूप करून संदेश गुप्त ठेवण्याची एक रीत १९७७ साली अमेरिकेतील तीन संशोधकांनी शोधली. तिच्यात शेकडो अंकी मूळ संख्या वापरतात. संगणकावरील पुष्कळ गुप्त व्यवहारांचे रक्षण या रीतीने झाले आहे. खुद्द ऑयलरची राशीही संगणकात भेटते. संगणक संख्या लिहितो ती बुद्धिबळाच्या पटासारखीच, दुप्पट-दुप्पट किमतीच्या घरांत. बत्तीस घरांपैकी एक घर अधिक-उणे चिन्हासाठी ठेवले, म्हणजे उरलेल्या एकतीस घरांत मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७ हीच होय.

आणि शोध अजून चालूच आहे. २०२४ साली याच कुळातील एक मूळ संख्या सापडली. तिच्यासाठी १३,६२,७९,८४१ घरांचा पट कल्पावा लागतो आणि ती लिहून काढायची, तर ४,१०,२४,३२० अंक लागतात. हे काम हातांनी झाले नाही, यंत्रांनी झाले. तरीही ती संख्या मूळ आहे हे मान्य करण्यापूर्वी निरनिराळ्या यंत्रांवर आणि निरनिराळ्या आज्ञावलींनी ती पुन्हा पडताळण्यात आली. यंत्राने सांगितले म्हणून कोणी मान डोलावली नाही.

मुलांनो, गणिताच्या राज्यात मोठ्या नावाला आसन मिळते, पण निर्णय मिळत नाही. तेथे विद्वानाच्या शब्दालाही कसोटी द्यावी लागते आणि एखाद्या शाळकरी मुलाने योग्य भाजक दाखविला, तर पंडिताची यादीही दुरुस्त करावी लागते. ऑयलरने डोळ्यांवाचून जे पाहिले, ते पाहण्याचा मार्ग तुम्हा सर्वांना मोकळा आहे. लेखणी हाती घ्या, 'कशावरून?' असे विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत थांबू नका.

स्वाध्याय

१. मूळ संख्या आणि संयुक्त संख्या यांतील भेद उदाहरणे देऊन सांगा.

२. पंधरा घरांची रास ३२,७६७ आहे. तिला ७ ने आणि ३१ ने भाग जातो, हे भागाकार न करता घरांचे गट पाडून दाखवा.

३. ९७ ही संख्या मूळ आहे हे ठरविण्यासाठी कोणकोणते भाजक लावून पाहणे पुरेसे आहे? का?

४. पाच घरांच्या राशीपासून मिळणारी परिपूर्ण संख्या काढा आणि तिच्या भाजकांची बेरीज करून ताळा पाहा.

५. कातालदीचे एकतीस घरांविषयीचे विधान खरे असूनही श्रेय ऑयलरला का दिले जाते? आपल्या शब्दांत लिहा.

६. 'मान ही सिद्धता नव्हे' या विधानावर दहा ओळी लिहा.